मुलाला ट्रायलमध्ये घालू का?

पत्र थोडक्यात: सातारा जिल्ह्यातल्या एका गावातून एका आईने लिहिलं आहे. धाकटा मुलगा १४ वर्षांचा, नववीत. त्याला तीव्र हिमोफिलिया ए आहे, म्हणजे रक्त गोठवणारा ‘फॅक्टर आठ’ हा घटक शरीरात जवळजवळ नसल्याने रक्तस्राव लवकर थांबत नाही. दर दोन-तीन आठवड्यांनी कुठला ना कुठला सांधा सुजतो. उजवा गुडघा तर कायमचाच जाड झाला आहे आणि पाय पूर्ण सरळ होत नाही. ब्लीड (रक्तस्राव) झालं की वडापने तालुक्याला, तिथून एसटीने सिव्हिलला, फॅक्टरचं इंजेक्शन घेऊन संध्याकाळी परत, असं वर्षानुवर्षं चाललं आहे. आता शहरातल्या त्यांच्या डॉक्टरांनी एका नव्या औषधाच्या ट्रायलबद्दल (माणसांवरच्या चाचणीबद्दल) सांगितलंय. महिन्यातून एकदा पोटावर टोचायचं इंजेक्शन आहे. नवरा म्हणतो, सगळं फुकट आहे, घालून टाकू. सासूबाई म्हणतात, माझ्या नातवाचा उंदीर करू देणार नाही. दिराने मोबाइलवर वाचलंय की वेल्लोरला हिमोफिलिया मुळापासून बरा करतात, मग तिकडेच जाऊ. मुलाला अजून काहीच सांगितलेलं नाही, ‘उगाच घाबरेल म्हणून’. गेल्या महिन्यात कबड्डीच्या निवडीसाठी त्याने सुजलेला घोटा दोन दिवस लपवला होता. बाई विचारतात, सही करू की नको? आणि नाही म्हटलं तर डॉक्टर नाराज होऊन फॅक्टर बंद करतील का? ता. क. म्हणून एक ओळ आहे: मुलगी २१ची आहे, स्थळं यायला लागलीत, तिचं काही तपासावं लागेल का?

ताई,

फॅक्टर बंद होण्याबद्दल तुम्ही विचारलेला प्रश्न आधी घेते, कारण ती भीती मनात असेपर्यंत बाकीचा विचार सरळ होणार नाही. नाही म्हटल्याने तुमच्या मुलाचा फॅक्टर बंद होऊ शकत नाही. ट्रायलला नकार दिला किंवा मधेच बाहेर पडलात तरी नेहमीच्या उपचारावर परिणाम होणार नाही, हे तुम्हाला मिळणाऱ्या माहितीपत्रकात लिहिलेलंच असावं लागतं. सिव्हिलमधला फॅक्टर हा कुणा डॉक्टरांच्या मर्जीचा विषय नाही. आणि डॉक्टर खरंच नाराज होणारे असतील, तर त्यांच्या ट्रायलमध्ये मूल न घालायला तेवढं एक कारण पुरे आहे. पण मला तसं वाटत नाही. बहुतेक वेळा डॉक्टर विचारतात ते मूल निकषात बसतंय म्हणून, आणि नकार ऐकायची त्यांना सवय असते.

आता सासूबाई. त्यांचं बोलणं अडाणीपणाचं म्हणून उडवून लावू नका, कारण त्या म्हणतात ते घडलेलं आहे, तेही हिमोफिलियाच्याच मुलांबाबत. इंग्लंडमध्ये हॅम्पशायर परगण्यात ट्रेलोर नावाची निवासी शाळा आहे. १९७०च्या दशकात आणि १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे हिमोफिलियाची मुलं शिकायला होती, शाळेतच उपचार केंद्र होतं. तिथे मुलांवर संशोधन झालं आणि कित्येक आईबापांना त्याचा पत्ताही नव्हता. हजारो लोकांच्या रक्तातून एकत्र करून बनवलेला फॅक्टर त्यांना दिला गेला, त्यातून एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी गेला. १९७० ते १९८७ या काळात तिथे शिकलेल्या १२२ मुलांपैकी जेमतेम ३० आज हयात आहेत. दूषित रक्ताच्या या प्रकरणावरच्या ब्रिटनच्या चौकशीचा अहवाल २० मे २०२४ला आला, त्यात हे सगळं नोंदलेलं आहे. तेव्हा सासूबाईंना सांगा, तुमची शंका रास्त आहे. आणि पुढे हेही सांगा की असे प्रकार घडले म्हणूनच आज सहीचा कागद, एथिक्स कमिटी (ट्रायलमध्ये माणसांवर अन्याय होत नाही ना हे बघणारी समिती) आणि नुकसानभरपाई या गोष्टी आल्या. आपल्याकडे २०१९चे नवी औषधे आणि क्लिनिकल ट्रायल नियम आहेत. ट्रायलमुळे मुलाला इजा झाली तर उपचाराचा खर्च आणि भरपाई ट्रायल करणाऱ्या कंपनीवर येते. कागदावर सगळं आहे म्हणून सगळं पाळलं जातंच असं मी म्हणणार नाही. पण कागद असला की भांडता येतं. त्या मुलांच्या आईबापांकडे तोही नव्हता.

सासूबाईंना सांगायची आणखी एक गोष्ट आहे. अमेरिकेत ६५ लहान मुलांवर एक ट्रायल झाली. सगळे अडीच वर्षांच्या आतले, सगळ्यांना तीव्र हिमोफिलिया ए. निम्म्यांना नियमित फॅक्टर दिला, ब्लीड असो वा नसो. निम्म्यांना ब्लीड झाल्यावर, पण भरपूर. सहाव्या वर्षी सगळ्यांच्या सांध्यांचा एमआरआय काढला. नियमित घेणाऱ्यांपैकी ९३ टक्के मुलांचे सांधे धड होते, ब्लीडनंतर घेणाऱ्यांपैकी ५५ टक्क्यांचे. हा निकाल २००७ साली छापून आला आणि ब्लीडची वाट बघत बसू नका, आधीच द्या, हे वाद घालायला जागा न राहता सिद्ध झालं. कुणाच्या तरी आयांनी तेव्हा सही केली होती.

हे सांगण्यामागे माझा एक हेतू आहे. तुमच्या पत्रात एक गोष्ट तुम्ही गृहीत धरली आहे: ट्रायल म्हणजे धोका आणि आत्ता चाललंय ते सुरक्षित. आत्ता चाललंय ते सुरक्षित नाही हो. गुडघ्यात वारंवार रक्त उतरलं की आतलं अस्तर सुजून राहतं, ते अस्तर पुन्हा लवकर फुटतं, आणि हाडाच्या टोकावरची कूर्चा (गुळगुळीत आवरण) झिजत जाते. पाय सरळ होत नाही याचा अर्थ हे काम बरंच पुढे गेलंय. एकदा झिजलेली कूर्चा ट्रायलमधलं काय, कुठलंच औषध परत आणत नाही. म्हणजे सही केली नाही तरी काहीतरी घडतच राहणार आहे, दर तीन आठवड्यांनी.

म्हणून ट्रायलच्या आधी एक वेगळा प्रश्न डॉक्टरांना विचारा: ‘ट्रायल बाजूला ठेवली तर याला आज नियमित उपचार कोणता देता येईल?’ जागतिक हिमोफिलिया महासंघाच्या २०२०च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की तीव्र हिमोफिलियात नियमित प्रतिबंधक उपचार हाच मूळ उपचार समजावा. त्या सूचनांचे पहिले लेखक वेल्लोरचे डॉ. आलोक श्रीवास्तव आहेत, म्हणजे आपल्याकडची परिस्थिती माहीत नसलेल्या माणसांनी लिहिलेल्या त्या नाहीत. पूर्ण मात्रा परवडत नसेल तर आठवड्यातून दोनदा कमी मात्रेचा फॅक्टर दिला तरी ब्लीड कमी होतात, हे भारतासकट अनेक देशांत दिसलं आहे. एमिसिझुमॅब नावाचं त्वचेखाली टोचायचं औषध २०१९पासून भारतात मंजूर आहे. महाग आहे, पण तुमच्या जिल्ह्यात किंवा मुंबई-पुण्याच्या सरकारी केंद्रात ते कुणाला मिळतं, तुमचा मुलगा त्या यादीत बसतो का, हे विचारायला पैसे लागत नाहीत. हिमोफिलिया २०१६च्या दिव्यांग कायद्यात आहे. प्रमाणपत्र काढलेलं नसेल तर ते आधी काढा. आणि इनहिबिटरची तपासणी शेवटची कधी झाली ते फाइलमध्ये बघा. तीव्र हिमोफिलिया ए असलेल्या साधारण तिघांपैकी एकाच्या शरीरात फॅक्टरच्या विरोधात प्रतिपिंडं तयार होतात आणि मग दिलेला फॅक्टर लागू पडत नाही. दोन-तीन आठवड्यांनी ब्लीड होणाऱ्या मुलाच्या बाबतीत हे माहीत असायलाच हवं.

या प्रश्नाचं उत्तर ‘आज नियमित असं काहीच देता येत नाही’ असं आलं, तर ट्रायलचं पारडं जड होतं. काही देता येत असेल, तर घाई नाही.

आता तुमच्या मिस्टरांचं ‘फुकट’. औषध, तपासण्या फुकट हे खरं, येण्याजाण्याचा खर्चही मिळायला हवा, तो लिहून घ्या. पण ट्रायल ही उपचारासाठी नसते, उत्तर शोधण्यासाठी असते. तुमच्या मुलाला नवं औषध मिळेलच असंही नाही. हिमोफिलियाच्या अशा बऱ्याच ट्रायलमध्ये कुणाला नवं औषध आणि कुणाला काही महिने नेहमीसारखा ब्लीड झाल्यावर फॅक्टर, हे संगणक ठरवतो. डॉक्टरांच्या हातात ते नसतं. चिठ्ठी दुसऱ्या बाजूला निघाली तर काही महिने तुम्ही आज आहात तिथेच, वर फेऱ्या आणि रक्ततपासण्या. पुढे त्या गटालाही नवं औषध देणार का, हे कागदात शोधा.

औषधाचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही. पोटावर, महिन्याला एकदा, एवढ्यावरून दोन शक्यता दिसतात आणि दोन्हींतला फरक तुम्हाला कळायला हवा. एमिसिझुमॅबसारखी औषधं फॅक्टर आठचं काम स्वतः करतात, रक्त गोठवणाऱ्या दोन घटकांना धरून एकत्र आणतात. दुसरा प्रकार असा की रक्त गोठू न देणारे जे घटक शरीरात असतात, तेच कमी करायचे. इंजिन कमजोर आहे तर ब्रेक सैल करायचा, तसं. ब्रेक जास्त सैल झाला तर नको तिथे गुठळी होऊ शकते. फिटुसिरान हे या दुसऱ्या जातीचं औषध. त्याची गोष्ट सांगते, कारण ट्रायलमध्ये धोका नेमका कुठे लपलेला असतो ते त्यातून दिसतं.

२०१७ साली फिटुसिरानच्या ट्रायलमधल्या एका रुग्णाचं डोकं भयंकर दुखायला लागलं. सीटी स्कॅन काढला. हिमोफिलियाचा माणूस, डोकेदुखी, म्हणजे मेंदूत रक्तस्राव, असं निदान झालं आणि त्याला दिवसातून दोन-तीनदा फॅक्टर दिला गेला. तो वाचला नाही. नंतर स्कॅन पुन्हा पाहिले तेव्हा लक्षात आलं की मेंदूच्या शिरेत गुठळी होती. सुरुवातीला समजलं गेलं त्याच्या नेमकं उलट! ट्रायल थांबवली गेली. ब्लीड झाल्यावर फॅक्टर किती द्यायचा याचे नियम कडक करून काही महिन्यांनी ती पुन्हा सुरू झाली. २०२०मध्ये गुठळ्यांच्या आणखी घटनांमुळे पुन्हा थांबली, मग औषधाची मात्राच बदलली. मार्च २०२५मध्ये अमेरिकेत या औषधाला १२ वर्षांपुढच्या रुग्णांसाठी मान्यता मिळाली. यात मला दोन्ही गोष्टी दिसतात. माणूस गेला. आणि तो का गेला हे दडपलं न जाता पुढच्यांसाठी औषध द्यायची पद्धत बदलली.

तुमच्यासाठी यातून एक रोखठोक काम निघतं. मुलगा ट्रायलमध्ये गेला तर रात्री दोन वाजता गावाजवळच्या दवाखान्यातला डॉक्टर काय करणार? त्याला फक्त ‘हिमोफिलिया’ एवढं कळलं तर तो सवयीने भरपूर फॅक्टर देईल. ट्रायलचं कार्ड, औषधाचं नाव, फॅक्टर किती द्यायचा आणि किती नाही, २४ तास उचलला जाणारा फोन नंबर, हे मुलाच्या खिशात, दप्तरात, शाळेत आणि सिव्हिलच्या डे केअरमध्ये असलं पाहिजे. तो नंबर सही करण्याआधी एकदा रात्री लावून बघा. कुणी उचलतं का ते कळेल.

कागदांचं म्हणाल तर संमतीपत्र मराठीत मागा, ते घरी न्या आणि त्याच दिवशी सही करू नका. घरात कुणीतरी मोठ्याने वाचा, तुमच्या मुलीला सांगा वाचायला. जिथे अडलं तिथे पेन्सिलीने खूण करा आणि पुढच्या खेपेला एकेक विचारा. ट्रायल कितव्या टप्प्याची आहे हे आधी बघा. पहिल्या टप्प्यात औषध मोजक्या माणसांना प्रथमच दिलेलं असतं, तिसऱ्या टप्प्यापर्यंत येताना मात्रा आणि मुख्य धोके बऱ्यापैकी समजलेले असतात. भारतातली प्रत्येक क्लिनिकल ट्रायल सीटीआरआय या सरकारी नोंदणीत असावी लागते. नोंदणी क्रमांक मागा, दिराला तो मोबाइलवर टाकून बघू दे. कोणत्या रुग्णालयांत चालू आहे, किती वयाची माणसं घेणार, एथिक्स कमिटीची मंजुरी आहे का, सगळं तिथे दिसतं. त्यांना वाचायची हौस आहेच, तर हे काम त्यांचं.

पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न वेगळाच आहे, आणि तो लोक क्वचित विचारतात. ट्रायल संपल्यावर काय? समजा मुलाला औषध लागू पडलं. दोन वर्षं ब्लीड नाही, शाळा बुडत नाही, पोरगं सोळा वर्षांचं होऊन मोकळं हिंडतंय. आणि मग कंपनीने सांगितलं, ट्रायल झाली, धन्यवाद. पुन्हा वडाप, पुन्हा सिव्हिल. ज्याला सवय नव्हती त्याच्यापेक्षा हे जड जातं. आपल्या नियमांत ट्रायलनंतरही औषध मोफत देण्याची तरतूद आहे, पण ती आपोआप लागू होत नाही. डॉक्टरांनी शिफारस करावी लागते, एथिक्स कमिटीने मान्य करावं लागतं आणि त्या रुग्णाला दुसरा उपचार उपलब्ध नसावा लागतो. म्हणून ‘संपल्यावर किती काळ मिळेल आणि कोण देईल’ याचं लेखी उत्तर मागा. ‘बघू तेव्हा’ हे उत्तर नव्हे.

वेल्लोरचं दीर म्हणाले ते खोटं नाही, अर्धं आहे. तिथल्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या जीन थेरपीचे (शरीरात चांगलं जनुक घालायच्या उपचाराचे) निकाल डिसेंबर २०२४मध्ये प्रसिद्ध झाले. तीव्र हिमोफिलिया एचे पाच रुग्ण, पाचही जणांचे ब्लीड बंद झाले. फार मोठी गोष्ट आहे, आपल्या देशात झालेली. पण ते पाचही जण २२ ते ४१ वर्षांचे होते. त्यांच्याच रक्तपेशी काढून, त्यांत जनुक घालून परत सोडल्या, आणि त्याआधी केमोथेरपीची औषधं देऊन अस्थिमज्जा रिकामी केली. फॅक्टरची पातळीही सगळ्यांची सारखी आली नाही, निरोगी माणसाच्या तुलनेत कुणाची दोन टक्क्यांच्या आत, कुणाची चाळीसच्या जवळ. १४ वर्षांच्या मुलाला घेऊन आज तिकडे गाडी धरावी असं यात काही नाही. परदेशात विषाणूमार्फत यकृतात जनुक सोडायच्या थेरपीला मान्यता आहे, तीही मोठ्यांनाच. हिमोफिलिया बीवरच्या (त्यात फॅक्टर नऊ कमी असतो) अशा एका औषधाची अमेरिकेतली किंमत ३५ लाख डॉलर लावली गेली. तुमचा मुलगा पंचविशीचा होईल तेव्हा चित्र वेगळं असेल अशी मला आशा आहे. पण तोवर गुडघा शाबूत राहायला हवा, तेव्हा वेल्लोरच्या आशेवर आजचा उपचार लांबवू नका.

आणि मुलगा. ताई, त्याला न सांगणं मला पटलेलं नाही. एक तर ते चालणारच नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७च्या सूचनांप्रमाणे १२ ते १८ वयाच्या मुलाची स्वतःची लेखी सहमती लागते, तुमच्या सहीव्यतिरिक्त. पण नियम सोडा. ज्या मुलाने कबड्डीसाठी सुजलेला घोटा दोन दिवस लपवला, तो घाबरट नाही, तो हिशेब करणारा आहे. त्याचा हिशेब चुकला असेल, पण तो स्वतःच्या पायाचे निर्णय आजच घेतोय, तुम्हाला न सांगता. ट्रायलमध्ये प्रत्येक ब्लीडची नोंद ठेवावी लागते, कधी सुरू झालं, कुठे, काय केलं. लपवणारा मुलगा तिथे स्वतःलाच धोक्यात घालेल. त्याला तयार नसताना आत ढकललंत तर तो लपवणारच.

तेव्हा त्याला समोर बसवून सगळं सांगा, २०१७च्या त्या रुग्णासकट. डॉक्टरांकडे नेलंत की दहा मिनिटं त्याला एकट्याला बोलू द्या, तुम्ही बाहेर थांबा. मुलं आईसमोर विचारत नाहीत असे प्रश्न त्याच्याकडे असतील: खेळता येईल का, दाढी-मिशीवर परिणाम होईल का, मित्रांना कळेल का. तो नाही म्हणाला तर आत्ता नाही, एवढं मान्य करा. सहा महिन्यांनी दुसरी ट्रायल निघेल, पण जबरदस्तीने घातलेला मुलगा औषध, फिजिओ, सगळंच झिडकारतो.

मला सरळ विचाराल तर: पहिल्या टप्प्याची असेल तर मी नाही म्हणेन, वय १४ आहे. तिसऱ्या टप्प्याची असेल, आज दुसरा नियमित उपचार मिळत नसेल, संपल्यानंतरचं लेखी असेल आणि मुलगा हो म्हणत असेल, तर मी सही करेन. यातलं एखादं कमी पडलं तर थांबेन आणि नियमित फॅक्टरसाठी सिव्हिलच्या मागे लागेन. दोन्हीकडे फिजिओथेरपी आजपासूनच सुरू करा. गुडघ्याभोवतीचे स्नायू घट्ट झाले की सांध्याला आधार मिळतो, आणि त्यासाठी कुणाच्या सहीची गरज नाही.

राहिली मुलगी. हो, तपासा, पण स्थळासाठी म्हणून नको. हा दोष एक्स गुणसूत्रावरून येतो. तुम्ही वाहक असाल, म्हणजे तुमच्या एका एक्स गुणसूत्रावर तो दोष असेल, तर ती वाहक असण्याची शक्यता निम्मी. (आणि तुम्ही वाहक असालच असंही नाही. साधारण एक तृतीयांश रुग्णांच्या घरात आधी कुणालाच हा आजार नसतो, जनुकात बदल नव्याने झालेला असतो. ‘तुझ्याकडून आलं’ हे जर कधी ऐकावं लागलं असेल, तर निदान तपासणीआधी तरी कुणाला तसं म्हणायचा अधिकार नाही, आणि तपासणीनंतरही तो कुणाचा गुन्हा नसतो.) वाहक मुलींपैकी काहींचा स्वतःचा फॅक्टरही कमी असतो. तिची पाळी सात-आठ दिवस चालते का, दात काढल्यावर रक्त थांबत नव्हतं का, हिमोग्लोबिन सारखं कमी येतं का, हे तिला विचारा. तिची फॅक्टरची पातळी बघायला हवी, कारण उद्या बाळंतपण किंवा एखादं ऑपरेशन निघालं तर डॉक्टरांना ते आधी माहीत असावं लागेल. जनुकाची तपासणी परळला, केईएमच्या आवारातल्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटोलॉजी संस्थेत होते. जाताना मुलाची फाइल बरोबर न्या, आधी त्याचा जनुकदोष सापडला की तिचा शोधणं सोपं जातं. रिपोर्ट आला की तो तिच्या हातात द्या. कुणाला, कधी सांगायचं ते ती ठरवेल.